चोवीस डॉलरची सुई: परदेशी पार्सलच्या भाड्याचं एक प्रकरण

गिरगावात मुगभाटाच्या बाजूला चाळीत राहणाऱ्या माझ्या मामांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेहून रेकॉर्ड प्लेअरची एक सुई मागवली. किंमत २४ डॉलर. बँकेने त्या दिवशी लावलेल्या दराने २,१०० रुपये. हवी ती सुई हातात पडली १७ ऑक्टोबरला, आणि तोवर मामांचे गेले १०,०४१ रुपये. ऑर्डर मी केली होती. हिशेब लिहिणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे मधल्या नऊ आठवड्यांतला प्रत्येक मेल, पावती आणि स्क्रीनशॉट मी जपून ठेवला.

परदेशी शिपिंग महाग पडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेवढ्यासाठी हे लिहीत नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ग्राहकासमोर एकदोन मोठे आकडे ठेवले जातात आणि त्यात विमानाचं भाडं किती, खोक्याच्या मापाचे पैसे किती, मधल्या गोदामाचा वाटा किती, सरकारचा कर किती, हे पैसे भरून झाल्यावरसुद्धा कोणी सांगत नाही. आम्ही ते एकेक करून सोडवत गेलो.

सुई कशासाठी

मामांकडे आजोबांपासून आलेल्या दीडशेच्या आसपास तबकड्या आहेत. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाच्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव. वाजवायला तीन वेगांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि तो मामांनी स्वतः तेलपाणी करून चालता ठेवला आहे. अडचण सुईची. ७८ च्या तबकडीची खाच एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या संथ फिरणाऱ्या तबकडीच्या, खाचेपेक्षा खूप रुंद असते. तिला टोकाशी साधारण ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई ०.७ मिलची. ती ७८ वर ठेवली तर खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी जाऊन खरवडत बसते, आणि गाण्याच्या आधी खरखर ऐकू येते.

लॅमिंग्टन रोडवर आम्ही तीन दुकानं पालथी घातली. एलपीची पिन तिन्ही ठिकाणी होती. "अठ्ठ्याहत्तरची आता कोण मागतं, काका?" हे उत्तरही तिन्ही ठिकाणी मिळालं. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर चावीच्या ग्रामोफोनच्या पोलादी सुयांची डबी मिळाली, पण ती जात वेगळी. त्या सुया जड साउंडबॉक्ससाठी असतात आणि एका बाजूला एक अशा संपतात. मामांच्या प्लेअरच्या हलक्या हातात, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीत, त्या बसतही नाहीत. २७ ऑगस्टला गणपती येणार होते. चाळीत संध्याकाळच्या आरतीनंतर अर्धा तास तबकड्या लावायच्या, असं मामांनी कमिटीला कबूल करून ठेवलं होतं. म्हणून अमेरिकेतल्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत शोधलं आणि ओहायोतल्या एका सेलरकडे हवी ती सुई सापडली.

चेकआऊट

पानावर किंमत २४ डॉलर आणि "भारतात पाठवतो" एवढंच होतं. पत्ता भरल्यावर शिपिंग आलं ३१.८० डॉलर. पुढच्या पानावर इम्पोर्ट चार्जेस ३१.३०. एकूण ८७.१०.

मामा माझ्या मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, नारळ दोन आण्याचा आणि हमाली आठ आण्यांची, असं कसं?"

गणपतीची तारीख डोक्यावर होती, म्हणून मी पैसे भरले. आज वाटतं, त्या क्षणी सेलरला एक निरोप टाकून विचारायला हवं होतं. तो मुद्दा पुढे येईल. कार्डाच्या स्टेटमेंटवर मात्र ८७.१० डॉलरचे ७,६२१ रुपये न होता ७,९३६ झाले. परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक साडेतीन टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. बहुतेक कार्डांवर हाच प्रकार असतो. म्हणजे सेलर, विमान आणि सरकार यांच्याआधीच ३१५ रुपये गेले, आणि हा आकडा चेकआऊटच्या पानावर कुठेही नव्हता.

या व्यवहाराची रचना सांगायला हवी. सेलर माल थेट भारतात पाठवत नाही. तो अमेरिकेतल्याच एका गोदामात पोचवतो. त्याला तिथलं देशांतर्गत भाडं पडतं, आणि माल गोदामात पोचला की त्याची जबाबदारी संपते. पुढचं विमान, कस्टम आणि मुंबईतली डिलिव्हरी गोदाम चालवणारी कंपनी बघते; तिचे पैसे ग्राहक आगाऊ भरतो. ही पद्धत मुळात वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळेच ओहायोतला एकटा माणूस गिरगावात माल विकू शकतो. नाहीतर पार्सल हरवण्याच्या भीतीने त्याने भारताचं नावच यादीतून काढलं असतं. पण या पद्धतीत भाडं ठरवणारा एक, भाडं भरणारा दुसरा आणि खोकं निवडणारा तिसरा. खोकं निवडणाऱ्याला मोठ्या खोक्याची झळ लागत नाही, आणि ज्याला लागते त्याला खोकं दिसत नाही.

खोकं

पार्सल गणपतीत आलंच नाही. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि ८ तारखेला ट्रॅकिंगवर मुंबई दिसली. सहारच्या कुरिअर टर्मिनलवरून केवायसीचा मेसेज आला, मामांचं आधार पाठवलं. त्याबरोबर "प्रक्रिया शुल्क" म्हणून जीएसटीसकट ५९० रुपयेही मागितले गेले. इम्पोर्ट चार्जेस आधीच भरले आहेत असं मी फोनवर सांगितलं. ते कर आहेत, हे आमचं शुल्क आहे, असं उत्तर मिळालं. भरले.

१३ सप्टेंबरला शनिवारी खोकं घरी आलं. मामांनी ते पलंगावर ठेवलं आणि उघडायच्या आधी कपाटातली शिवणाची टेप आणली. ३० सेंटीमीटर लांब, २५ रुंद, १५ उंच. मामींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळ्या खोक्याचं वजन ३१० ग्रॅम भरलं. आत फुग्यांच्या प्लास्टिकचे तीन पदर, त्यात काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी आणि डबीत सुई. डबीचं वजन १४ ग्रॅम.

विमानाने जाणाऱ्या कुरिअरचं भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. विमानात जागाही संपते, म्हणून आकाराचं एक मानीव वजन काढतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. मामांच्या खोक्याचं ३० गुणिले २५ गुणिले १५ म्हणजे ११,२५०, भागिले ५,००० म्हणजे २.२५ किलो. भाड्यासाठी अर्ध्या किलोच्या टप्प्याने ते अडीच झालं, आणि लेबलवर छापलेलंही तेच होतं. ३१० ग्रॅमच्या पार्सलचं अडीच किलोचं भाडं.

यात लबाडी नाही. कापसाचं पोतं आणि लोखंडाचा तुकडा यांना टेम्पोवालासुद्धा वेगळा दर लावतो. पण टेम्पोवाला पोतं बघून दर सांगतो आणि आपणही ते बघत असतो. इथे ग्राहकाला मापं दिसतच नाहीत. मी सेलरला फोटो पाठवून विचारलं. त्याचं उत्तर प्रामाणिक होतं: तो टर्नटेबलचे पट्टे, मोटर, आर्म असं सगळं विकतो, एकाच मापाची खोकी घाऊक आणतो आणि साइटवर ती मापं एकदाच भरून ठेवली आहेत. लहान वस्तूंना वेगळं माप भरता येतं याचा त्याने कधी विचारच केला नव्हता, कारण भाडं त्याच्या खिशातून जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सुईच्या पानावरची मापं बदलली: ६ इंच, ४ इंच, २ इंच.

मग मी एक प्रयोग केला. तीच सुई, तोच पत्ता, पुन्हा कार्टमध्ये घातली, फक्त पैसे भरले नाहीत. शिपिंग १४.६० डॉलर. इम्पोर्ट चार्जेस २१.७०. शिपिंगमध्ये १७.२० चा फरक, इम्पोर्ट चार्जेसमध्ये ९.६०. दोन्ही मिळून २६.८० डॉलर. सुईच्या किमतीपेक्षा जास्त पैसे आम्ही खोक्यातल्या हवेचे भरले होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट ही. मामा त्या संध्याकाळी काही बोलले नाहीत. खोकं मात्र टाकू दिलं नाही. अजून माळ्यावर आहे.

कर कशावर

प्रयोगातून आणखी एक प्रश्न उभा राहिला. खोकं लहान झालं तर इम्पोर्ट चार्जेस का उतरावेत? सुई तीच, किंमत तीच. उतरले, याचा अर्थ कर सुईवर आणि भाड्यावर, दोन्हींवर धरला होता.

फोर्टमध्ये माझ्या ओळखीचे एक सीएचए, म्हणजे कस्टम हाऊस एजंट, आहेत, तीस वर्षं कस्टम क्लिअरिंग करतात. त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की भाड्यावर कर लागतो हे खरं आहे. मालाची किंमत, इथपर्यंत आणायचं भाडं आणि विमा मिळून कस्टमसाठीचं मूल्य ठरतं. पण २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांत विमानाने येणाऱ्या मालासाठी एक मर्यादा आहे. भाडं खरोखर कितीही झालं असलं तरी मूल्यात ते मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे पुढचं भाडं आणि विमा न धरता होणाऱ्या किमतीच्या, २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के. हा नियम नेमका आमच्यासारख्यांच्या उपयोगाचा आहे: वस्तू स्वस्त, भाडं अवाच्या सवा.

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. सुई २४ डॉलर. भाडं २० टक्के, म्हणजे ४.८०. विमा २७ सेंट. मूल्य २९.०७ डॉलर. आमच्याकडून घेतलेले ३१.३० मात्र पूर्ण ३१.८० भाडं धरून, म्हणजे ५५.८० डॉलरवर काढलेले दिसत होते. "सरकारकडे भरले किती ते बघा," ते म्हणाले. "कुरिअरकडून बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे कस्टमकडे दाखल केलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागून घ्या. तुमच्या नावावरचा कागद आहे, तुमचा हक्क आहे."

तीन मेल आणि दोन फोनांनंतर प्रत आली. त्यावर मूल्य बरोबर २० टक्के भाडं धरून काढलेलं होतं आणि भरलेला कर चौदाशे रुपयांच्या जरा वर होता. आमच्याकडून घेतलेल्या ३१.३० डॉलरचे होतात २,७३९ रुपये. म्हणजे कस्टमने नियमाप्रमाणेच घेतलं होतं. जास्तीचे पैसे मधल्या गोदामाच्या अंदाजात अडकून पडले होते, आणि आम्ही विचारलं नसतं तर तिथेच राहिले असते. मी प्रत जोडून बाजारपेठेकडे तक्रार केली. उत्तराला एकोणीस दिवस लागले, पण १४ डॉलर परत आले. खात्यात जमा झाले १,२१४ रुपये.

अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो, आम्हालाही चाळीतच मिळाला: सेलरला सांगा, भेटवस्तू म्हणून पाठव, कर लागत नाही. एके काळी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटींना सूट होती. पण तिच्या आडून इतका माल येऊ लागला की १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल वा कुरिअरने भेट म्हणून शुल्क न भरता माल आणण्यालाच बंदी आली. अपवाद दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. विकत घेतलेली वस्तू भेट म्हणून लिहून घेणं तेव्हाही खोटंच होतं. आता तर पार्सल अडकतं. मामांनी तो सल्ला ऐकूनही घेतला नाही.

पुढे फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या मालावरचा सीमाशुल्काचा दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायची घोषणा झाली. चांगलंच झालं. पण दर कितीही असो, तो कोणत्या रकमेवर लावून पैसे आगाऊ घेतले जातात हे ग्राहकाला दिसायला हवं, आणि प्रत्यक्ष भरणा कमी झाला तर उरलेले पैसे न मागता परत यायला हवेत. एकोणीस दिवस भांडायला प्रत्येकाच्या घरी हिशेबवाली भाची नसते.

चुकीची सुई

खोक्याच्या मापांच्या नादात मुख्य गोष्ट सांगायची राहिली. मामांनी डबी उघडली, सुई बसवली, हिराबाईंची तबकडी लावली आणि खरखर आली. भिंगाखाली पाहिलं तर टोक बारीक. एलपीची सुई आली होती. सेलरने डबी अदलाबदल केली होती. चूक त्याने लगेच कबूल केली.

बाजारपेठेचा नियम असा की चुकीची वस्तू परत पाठवली, तिचा ट्रॅकिंग नंबर दिला, की वस्तूचे पैसे मिळतात. वस्तूचे, म्हणजे २४ डॉलर. शिपिंगचे नाहीत. परतीचं लेबल अमेरिकेच्या आतच चालतं, म्हणून मुंबईहून परत पाठवायचा खर्च आमचा. माझ्या मते सगळ्यांत अन्यायाचा भाग हा. चूक विकणाऱ्याची, आणि ती दुरुस्त करायचा खर्च वस्तूपेक्षा मोठा असल्यामुळे ग्राहक गप्प बसतो. गप्प बसणाऱ्यांची नोंद कुठल्याच आकड्यात होत नाही.

तरी प्रयत्न केला. पण तारखा बघा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत जी शुल्कमाफी होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून उठली. तिथे शुल्क कोणी आणि कसं गोळा करायचं याची घडी बसली नव्हती, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेकडे जाणाऱ्या पार्सलचं बुकिंग थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. आमची परतीची मुदत संपत होती सप्टेंबरअखेर. खाजगी कुरिअरवाल्यांनी एकाने २,९०० आणि एकाने ३,४०० रुपये सांगितले; तिकडे शुल्क लागलं तर ते कोण भरेल हे दोघांपैकी कोणी लिहून देईना. २,१०० रुपये परत मिळवायला तीन हजार घालायचे, यात अर्थ नव्हता.

मामांना यावरून जुनी गोष्ट आठवली. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीहून त्यांचे मोठे भाऊ समुद्रमार्गे पार्सल पाठवायचे. अडीच-तीन महिने लागायचे, पण भाडं परवडायचं. मग घरी चिठ्ठी यायची, ती घेऊन बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात जायचं, कस्टमवाल्यासमोर पार्सल उघडायचं, शुल्क भरायचं आणि चर्चगेटपर्यंत चालत यायचं. "वेळ जायचा, पण पैसे कशाचे घेतले ते समोर दिसायचं," मामा म्हणाले. तो समुद्राचा रस्ता अमेरिकेच्या टपालाने मे २००७ मध्ये बंद केला. तेव्हापासून स्वस्त आणि संथ असा पर्यायच उरला नाही. घाई नसलेल्या माणसालाही विमानाचं भाडं भरावं लागतं.

सेलरशी आणखी दोनदा बोलणं झालं. त्याचं म्हणणं: सुई परत पाठवू नका, बरोबर सुई मी फुकट देतो, फक्त टपालखर्च तुम्ही द्या. साध्या पाकिटात घालून पत्राच्या दराने पाठव, असं मी सुचवलं. ते जमत नाही म्हणाला, आणि त्याचं खरं आहे. जानेवारी २०१८ पासून तिथून परदेशी जाणाऱ्या पत्रांच्या पाकिटात कागदपत्रांशिवाय काही घालता येत नाही. वस्तू कितीही लहान असली तरी ती पॅकेट म्हणूनच जाते. शिवाय परक्या देशातून आलेलं लहान पॅकेट घरपोच करण्याचे दर देशांनी आपापले ठरवावेत, असा रस्ता जागतिक टपाल संघाच्या २०१९ च्या जिनिव्हातल्या बैठकीने मोकळा केला. १४ ग्रॅमच्या डबीसाठी आकडा झाला १८ डॉलर.

माझं मत होतं की एक पैसा देऊ नये. चूक त्याची आहे. मामा म्हणाले, "त्याने सुई सोडली, आपण भाडं सोडू. तो काय आणि मी काय, दोघं जुन्याच धंद्यातले." मी ऐकलं. आजही माझं मत बदललेलं नाही. एखाद्या सेलरचा चांगुलपणा हा नियमाला पर्याय होऊ शकत नाही. पुढच्या ग्राहकाला असा माणूस भेटेलच असं नाही.

दुसरं पार्सल आणि बेरीज

२४ सप्टेंबरला त्याने पॅकेट टपालात टाकलं. डिक्लेरेशनवर मी त्याला खरी किंमत लिहायला सांगितली, २४ डॉलर. १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दुपारी, पोस्टमन जिना चढून आला. शुल्काचे १,०८० रुपये घेतले, पावती दिली, सही घेतली. तळहातावर मावेल असा फुग्यांचा लिफाफा होता. प्रक्रिया शुल्क नाही, केवायसीचे मेसेज नाहीत. तेवीस दिवस लागले. गोदामाच्या रस्त्याने बत्तीस लागले होते. घाई म्हणून जो रस्ता धरला तोच लांबचा निघाला.

बेरीज अशी: पहिली ऑर्डर ७,९३६, कुरिअरचे ५९०, टपालखर्चाचे १८ डॉलर म्हणजे मार्कअपसह १,६४९, पोस्टमनला दिलेले १,०८०. एकूण ११,२५५. त्यातून परत आलेले १,२१४ वजा. उरले १०,०४१. पहिल्याच दिवशी लहान खोकं असतं आणि बरोबर सुई आली असती, तर सुई, भाडं आणि इम्पोर्ट चार्जेस मिळून ६०.३० डॉलर, बँकेचा वाटा धरून साडेपाच हजारांत काम झालं असतं. तेही २,१०० च्या सुईसाठी जास्तच. पण साडेपाच हजारांचा आकडा आधी समोर असता तर घ्यायची की नाही हे मामांनी ठरवलं असतं, आणि तो त्यांचा निर्णय असता.

यानंतर दादर आणि पार्ल्यातल्या तबकड्या जमवणाऱ्या तिघांना मी ऑर्डर करायला मदत केली. आता पैसे भरण्याआधी सेलरला दोन ओळी लिहिते: खोक्याची मापं काय भरली आहेत, आणि लहान पॅकेट म्हणून थेट टपालाने पाठवाल का. एकाने मापं बदलली, भाडं अर्ध्यावर आलं. दुसऱ्याने थेट टपाल मान्य केलं. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही, तिथून घेतलं नाही. बाजारपेठेलाही मी लिहिलं आहे की भाड्याच्या आकड्याखाली खोक्याची मापं आणि धरलेलं वजन दाखवा. ती माहिती तुमच्याकडे असतेच, तिच्यावरूनच तर भाडं काढता. पोच आली आहे, उत्तर नाही.

चुकीची आलेली एलपीची सुई वाया गेली नाही. मामांकडे वीसेक एलपीही आहेत, त्यांना ती चालते. बरोबर सुई नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिल्यांदा लागली. खिडकी उघडी होती, समोरच्या चाळीतले दोघं-तिघं अभ्यंगस्नान उरकून गॅलरीत येऊन उभे राहिले. एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. ती संपली की मामा उठतात, प्लेअरचा हात उचलून ठेवतात आणि शेजारच्या वहीत तारीख आणि तबकडीचा नंबर लिहितात. हिऱ्याचं टोक काहीशे तास चालतं, आणि पुढची सुई कधी मागवायची ते त्यांना आधी कळायला हवं आहे. काल मी बघितलं तेव्हा वहीत ४१२ बाजू झाल्या होत्या.